डुलणाऱ्या लाकडी घोड्याचं किट, दीड वर्ष वापरून झाल्यावर लिहितेय

किट आलं त्याच दिवशी रिव्ह्यू टाकायचा होता पण मुद्दाम थांबले. लहान मुलांचं लाकडी खेळणं कसं आहे ते बॉक्स उघडून कळत नाही, ते मूल त्यावर रोज उड्या मारायला लागलं की मग हळूहळू कळतं. भाची दोन वर्षांची होती तेव्हा हा घोडा बनवायला घेतला, आता ती साडेतीनची आहे, दिवसातून तीन-चारदा तरी त्यावर बसते, तिच्या मैत्रिणी बसतात, एकदा तर दोघी एकदम बसल्या होत्या, त्यामुळे आता काय टिकलं नि काय नाही हे छातीठोकपणे सांगू शकते.

घाईत असाल तर एवढंच वाचा: खालचे रॉकर, म्हणजे ज्यांच्यावर घोडा डुलतो त्या वाकड्या पट्ट्या, फार सुंदर आहेत, धड चांगलं आहे, पाय वाईट आहेत, आणि डोळे नि आयाळ किटमधले वापरूच नका. बाकी सगळं खाली सविस्तर लिहिलंय. कंपनीचं नाव टाकत नाहीये, अशी किटं बरेच जण विकतात आणि मी जे सांगतेय ते कुठल्याही किटमध्ये तुम्हाला स्वतःला तपासून बघता येईल.

किटमध्ये काय येतं ते आधी. दोन रॉकर, चार पाय, धडाच्या पाच फळ्या, डोकं-मान दोन जाड फळ्या चिकटवून केलेलं आणि बाहेरून ढोबळ कापलेलं, दोन रॉकर जोडणाऱ्या तीन आडव्या पट्ट्या, हातात धरायचा दांडा, पाय ठेवायचा दांडा, स्क्रू, लाकडी डॉवेल म्हणजे जोडायच्या गोल खुंट्या, दोन प्लॅस्टिकचे डोळे, सुती दोऱ्याची आयाळ नि शेपूट, आणि एक मोठा कागद ज्यावर सगळे भाग खऱ्या मापात छापलेत. हा कागद जपून ठेवा, घडी न घालता गुंडाळी करून ठेवा, मला पुढे त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. गोंद आणि रंग तुमचे तुम्ही आणायचे. हत्यारं म्हणाल तर रंधा, पटाशी, कानस, ड्रिल, चार-सहा क्लॅम्प आणि भरपूर सँडपेपर एवढं लागतं, मोठं मशीन काही लागत नाही. मला शनिवार-रविवार धरून सहा आठवडे लागले, त्यातले दोन पायांच्या भानगडीत गेले.

आता रॉकरबद्दल मनापासून सांगते कारण इथे त्यांनी खरंच विचार केलाय. डुलणाऱ्या घोड्यात घोडा कसा दिसतो हे नंतरचं, आधी त्याची खालची गोलाई. ती जास्त वाकडी असली तर घोडा सावकाश पण खूप पुढेमागे कलतो, मूल घाबरतं नाहीतर तोंडावर येतं, आणि फार सपाट असली तर घोडा झुलत नाही, नुसता खडखड हलतो. दुसरं म्हणजे मूल आणि घोडा मिळून जे वजनाचं केंद्र असतं ते त्या गोलाईच्या केंद्राच्या चांगलं खाली राहायला हवं, तरच घोडा कलला की आपोआप परत येतो. मूल पायदांडीवर उभं राहिलं की हे वजनाचं केंद्र वर सरकतं, म्हणून फक्त बसून नाही तर उभं राहूनही तो सांभाळला पाहिजे, कारण मुलं उभी राहतातच, कितीही सांगा.

मी गोलाई मोजली, तुम्हीही मोजा, पाच मिनिटांचं काम आहे. रॉकर जमिनीवर मोठ्या कागदावर आडवा ठेवला, खालच्या कडेने पेन्सिल फिरवली, मग रेघेच्या दोन टोकांना सुतळी ताणली आणि बरोबर मध्यावर सुतळीपासून रेघ किती लांब आहे ते बघितलं. माझ्याकडे टोक ते टोक ९० सेंमी आलं आणि मधली खोली १० सेंमी. ९० चा वर्ग ८१००, त्याला खोलीच्या आठपटीने म्हणजे ८० ने भागलं की १०१.२५, त्यात निम्मी खोली म्हणजे ५ मिळवायचे, झाली १०६ सेंमीच्या आसपास त्रिज्या. बैठक जमिनीपासून ३६ सेंमीवर आहे, म्हणजे मूल उभं राहिलं तरी भरपूर जागा शिल्लक राहते. दोन्ही रॉकर एकावर एक ठेवून बघितले, कडा तंतोतंत जुळल्या, हे पण बघाच कारण एक जरा जरी वेगळा असला ना तर घोडा झुलता झुलता एका बाजूला सरकत जातो आणि संध्याकाळपर्यंत खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीला लागतो.

अजून एक बघितलं मी, घड्याळ लावून. भाची बसलेली असताना दहा झोके व्हायला सोळा-सतरा सेकंद लागतात आणि रिकाम्या घोड्याला अकरा-बारा. मूल बसलं की वजन वर जातं म्हणून झोका संथ होतो. दुकानात रिकामा घोडा ढकलून बघतो आपण आणि म्हणतो अरे हा तर फार पटपट हलतोय, तर तसं ठरवू नका, वर वजन ठेवून बघा. मी बैठकीवर पंधरा किलो वाळूची पिशवी पट्ट्याने आवळून बांधली आणि दोन्ही बाजूंनी जोरात ढकलला, अगदी रागाने ढकलावा तसा, तरी उलटला नाही. रॉकरच्या टोकांना खालून छोट्या ठोकळ्या दिल्यात, घोडा फार कलला की त्या जमिनीला टेकतात आणि तिथेच अडतो. हे किटमध्ये आहे हे बघून मला फार बरं वाटलं, एवढीशी वस्तू पण तीच मुलाला वाचवते.

रॉकर एका फळीतून कापलेले नाहीत, पातळ पट्ट्या वाकवून एकमेकींवर चिकटवून केलेत, कडेने बघितलं तर पट्ट्या मोजता येतात, माझ्यात सात होत्या. असं केल्यामुळे लाकडाची रेघ, म्हणजे त्याचे धागे ज्या दिशेने जातात ती, वाकाबरोबर वळत जाते. रुंद फळीतून अशी कमान कापून काढली असती तर मध्यावर रेघ सरळ आणि टोकांना तिरकी आली असती आणि टोकं तुटायची भीती राहिली असती.

आणि आता हीच गोष्ट पायांत कशी विसरले ते मला खरंच कळत नाही.

लाकूड रेघेच्या दिशेने फार ताकदवान असतं आणि रेघेच्या आडव्या दिशेने कितीतरी पटीने कच्चं, सरपण फोडलेल्या कुणालाही हे माहीत असतं, उभं ठेवून कुऱ्हाड मारली की लगेच दोन तुकडे. घोड्याचा पाय वरती मांडीला जाड असतो आणि खाली नळीला बारीक, मध्ये ढोपराला वाकतो, आणि सगळा भार त्या बारीक नळीतून खुरात आणि खुरातून रॉकरमध्ये जातो. म्हणजे काहीही झालं तरी नळीत रेघ उभी, पायाच्या लांबीने गेली पाहिजे. या किटमध्ये पाय कापताना फळीत जास्तीत जास्त पाय बसावेत म्हणून ते तिरके मांडून कापलेत हे बघताक्षणी कळतं, मागच्या दोन्ही पायांत रेघ नळीच्या एका बाजूने आत शिरते आणि चार बोटांवर दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. मी हे आधी बघितलं नाही, लाकूड चांगलं गुळगुळीत होतं, बीच नावाच्या झाडाचं होतं, वजनदार होतं, म्हणून विश्वास ठेवला.

मागचा डावा पाय क्लॅम्पमध्ये धरून कानशीने खूर गोल करत होते, काही फार जोर नव्हता, जरासा पिळ बसला असेल, आणि कट्ट असा आवाज आला. बघते तर खुराच्या वर बरोबर रेघेच्या बाजूने तिरका तडा गेलेला, आरपार, हातात घेऊन हलवला तर दोन तुकडे. मी तो तुकडा हातात धरून बराच वेळ तशीच बसले. तुटला त्याचं वाईट वाटलं नाही, डोक्यात एकच की हे आत्ता माझ्या हातात झालं, दोन महिन्यांनी भाची वर बसलेली असताना झालं असतं तर.

कंपनीला फोटो पाठवले. बारा दिवसांनी उत्तर आलं, बोलणं चांगलं होतं, सॉरी म्हणाले, दोन नवीन पाय पाठवतो म्हणाले आणि पाठवलेही, त्याबद्दल तक्रार नाही. पण नवीन पायांतही रेघ तश्शीच तिरकी. परत लिहिलं, समजावून सांगितलं, फोटोवर पेन्सिलने रेघा काढून दाखवल्या, तर उत्तर आलं की लाकूड चांगल्या दर्जाचं आहे. अहो लाकूड चांगलंच आहे, त्याला कोण वाईट म्हणतंय, ते आडवं कापलंय एवढंच म्हणणं आहे माझं.

मग मी पाय स्वतः कापले. तो मोठा कागद इथे कामी आला, पायाचा आकार कार्डशीटवर उतरवला, २८ मिमी जाडीची बीचची फळी आणली, गाठी नसलेली, आणि कार्ड अशा रीतीने फिरवून ठेवलं की ढोपरापासून खुरापर्यंतचा भाग रेघेच्या बरोबर समांतर. असं केलं की वरची मांडी फळीच्या बाहेर जाते, म्हणून मांडीचा तेवढा तुकडा वेगळा कापून बाजूने चिकटवायचा, त्याचीही रेघ शक्यतो त्याच दिशेने ठेवायची. जाड भाग आहे, चिकटवायला भरपूर जागा मिळते, चोवीस तास क्लॅम्पमध्ये ठेवला की सांधा दगडासारखा होतो. लाकूड थोडं जास्त वाया जातं हे खरं आणि म्हणूनच कंपनीने तसं केलं असणार. दीड वर्षात माझ्या दोन पायांना काही झालेलं नाही. पुढचे दोन किटमधलेच आहेत, त्यात रेघ त्यामानाने बरी होती, पण दर महिन्याला मी नखाने चाचपून बघते.

तुम्ही कुठलंही किट घ्या किंवा तयार घोडा घ्या, पाय उजेडात धरून रेघ बघाच. रंगवलेला घोडा असेल तर रेघ दिसत नाही, मग विकणाऱ्याला विचारा, आणि त्याला प्रश्नच कळला नाही तर तिथून घेऊ नका.

धडाबद्दल चांगलं बोलायचंय. धड भरीव ओंडक्याचं नाही, फळ्यांची पेटी करून आतून पोकळ ठेवलंय आणि वरून गोल केलंय. जुने कारागीर पण असंच करायचे. पोकळ असल्याने घोडा हलका राहतो, आणि दुसरं म्हणजे लाकूड हवेप्रमाणे फुगतं नि आकसतं, मोठा भरीव ठोकळा वरून सुकतो आतून ओला राहतो आणि मग उभी भेग पडते, पोकळ धडात हे फारसं होत नाही. पायांसाठी धडाला खालून तिरक्या खाचा दिल्यात, त्यांचा कोन अगदी बरोबर आहे, पाय आपोआप बाहेरच्या बाजूला फाकतात आणि खाली घोडा रुंद होतो, त्यामुळे आडवा पडत नाही. फक्त खाचा जरा सैल होत्या, मी लाकडाचा पातळ पापुद्रा लावून घट्ट केल्या. सैल खाचेत नुसता गोंद भरून भागवू नका, पांढरा गोंद फटी भरायला नसतोच, दोन लाकडं एकमेकांना चिकटून बसली तरच तो धरतो.

एक सूचना जी त्यांच्या माहितीपत्रकात नाही. किट आलं की आठ-दहा दिवस उघडून, घोडा जिथे राहणार त्याच खोलीत सगळे भाग सुटे ठेवा. मग आधी गोंद न लावता सगळा घोडा जोडून बघा, क्लॅम्पसकट, कारण गोंद लावल्यावर हातात पाच-दहा मिनिटं असतात आणि तेव्हा कळलं की क्लॅम्प छोटा पडतोय तर रडायची वेळ येते. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पसरवत बसू नका, अर्धवट सुकून रबरासारखा झाला की पटाशीने अलगद उचलून काढा. पसरवलात तर लाकडाच्या छिद्रांत जातो आणि पॉलिश केल्यावर तिथे फिकट डाग दिसतो, माझ्या घोड्याच्या मानेवर असा एक डाग आहे अजून.

स्क्रू लावायच्या आधी बारीक भोक पाडाच, बीचचं लाकूड कडक असतं, भोक न पाडता स्क्रू पिळला तर एकतर लाकूड चिरतं नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं. स्क्रूची डोकी आत खोल बसवून वरून लाकडी गुडदी ठोकली आणि सपाट केली, म्हणजे मुलाच्या हाताला लोखंड लागायलाच नको.

आता ज्या गोष्टी वापरल्या नाहीत त्या. डोळे. साधारण दोन सेंटीमीटरचे प्लॅस्टिकचे गोल डोळे दिलेत आणि ते चिकटवायचे आहेत. दोन-तीन वर्षांची मुलं असे डोळे नखाने उकरत बसतात, हा त्यांचा आवडता उद्योग असतो, आणि निघाला की थेट तोंडात. खेळण्यांची तपासणी करताना एक छोटं नळकांडं वापरतात, ३१.७ मिमी रुंदीचं, जो सुटा भाग त्यात मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. हे डोळे त्यात आरामात मावतात. मी डोळे रंगवले, आधी पेन्सिलने काढले, मग तापल्या सळईने हलकेच डागून कड काढली आणि आत काळा रंग भरला, वर एक पांढरा ठिपका. भाचीला तो ठिपका फार आवडतो, ती म्हणते घोडा माझ्याकडे बघतोय.

आयाळ छोट्या चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकायला सांगितलीय. नका करू. चुका सैल होऊन बाहेर येतात, कधी येतात कळतही नाही. मानेवर मध्यभागी पटाशीने सात-आठ मिलीमीटरची उभी खाच काढली, दोऱ्यांचं टोक कापडी पट्टीवर शिवून घेतलं आणि ती पट्टी गोंद लावून खाचेत दाबली, वरून पातळ लाकडी पट्टी. दोन्ही हातांनी ओढली तरी येत नाही, भाचीने रोज ओढून बघितलेली आहे. आयाळीचे दोरे दहा-बारा सेंमीपेक्षा लांब ठेवू नका, लांब दोरा मानेला गुंडाळला जाऊ शकतो, शेपटीचंही तेच.

कान लाकडाचे होते, टोकदार, आणि त्यातही रेघ आडवी. पहिल्या महिन्यात एक उडाला. तसंही मूल पुढे झुकलं की बरोबर तोंडासमोर ते टोकदार कान येतात, मला आधीपासून खटकत होतंच. जाड चामड्याचे कान कापून मानेच्या चिरेत बसवले, दिसतात पण छान, आणि वाकतात.

धरायचा दांडा २८ मिमी जाडीचा आहे, छोट्या मुठीत मावत नाही, बोटं पूर्ण वळत नाहीत म्हणजे पकड नाही. २२ मिमीचा घातला. दांड्याची टोकं डोक्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतात, त्यांना लाकडी गोळे बसवले, सपाट टोक पडताना बरगडीत लागतं. आणि दांडा भोकात फिरता कामा नये, गोंदाबरोबरच एक बारीक डॉवेल आडवा घाला मानेच्या वरून, म्हणजे कायमचा पक्का.

सँडपेपर ८० नंबरने सुरू केला, मग १२०, १८०, २४०. १८० नंतर ओल्या फडक्याने सगळा घोडा पुसा, लाकडाचे रेषे उभे राहतात, वाळलं की २४० ने घासा, मग परत उभे राहत नाहीत. हे न करता पाण्याचा रंग दिलात तर वर काटे काटे लागतात हाताला. सगळ्या कडा, अगदी रॉकरच्या आतल्या कडासुद्धा गोल करा, मुलं घोडा उलटा करून त्याच्या पोटाखालीही बसतात.

रंगाबद्दल मात्र मी फार काटेकोर होते आणि तुम्हीही राहा. मुलं घोड्याची मान चावतात, दात येत असले की हमखास. घरात उरलेला दरवाज्याचा रंग लावू नका. डब्यावर खेळण्यांसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेलं बघा, युरोपातलं जे इएन ७१ मानक आहे त्याच्या तिसऱ्या भागात शिसं, कॅडमियम वगैरे किती निघालेलं चालतं ते ठरवलेलं आहे, त्याचा उल्लेख असेल तर उत्तम. जुना, कुणाच्या घरातून आलेला रंगीत घोडा असेल तर त्याच्या रंगात शिसं असू शकतं, तो तसाच मुलाला देऊ नका आणि कोरडा घासूही नका, धूळ नाकातोंडात जाते. मुलांसाठी शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. मी माझ्या घोड्याला खोगीर तेवढं लाल रंगवलं आणि बाकी जवसाचं तेल दिलं, शुद्ध, सुकवायची धातूची द्रव्यं न घातलेलं, पातळ तीन हात. हे तेल सुकायला आठवडे लागतात पण लाकूड काय सुंदर दिसतं. फक्त तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, हे खरं आहे. पसरून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

बऱ्याच जणांना प्रश्न पडतो की कमानीच्या रॉकरचा घ्यावा की स्टँडवाला, ज्यात घोडा एका पक्क्या चौकटीवर लोखंडी सळ्यांना टांगलेला असतो आणि तिथल्या तिथे झुलतो. तो स्टँड अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या फिलिप मार्क्वा यांचा, जुन्या इंग्रजी घोड्यांच्या स्टँडवर १८८० च्या पेटंटचा शिक्का असतो. त्याला सेफ्टी स्टँड म्हणायचे कारण तो जागेवरून हलत नाही आणि पायाची बोटं रॉकरखाली येत नाहीत. घरात रांगणारं दुसरं बाळ असेल तर मी स्टँडवालाच घ्या म्हणेन. रॉकरच्या घोड्यात हा धोका आहेच, आम्ही घोड्याभोवती दोन हात जागा मोकळी ठेवतो आणि खाली चटई घालतो, आणि रॉकरच्या तळाला चामड्याची पट्टी चिकटवलीय, त्याने आवाज जातो आणि घोडा घसरत नाही. पण झुलण्याची मजा रॉकरवर जास्त, कारण मूल अंगाचा भार पुढेमागे टाकून स्वतः घोडा चालवतं. भाची आधी नुसती बसायची आणि मी ढकलायचे, मग एक दिवस तिने मान मागे टाकली, घोडा हलला, तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आत्तू, तू हात काढ." त्या दिवसापासून कुणाला हात लावू दिला नाही.

दोन वर्षांखालच्या मुलासाठी हे किट नाही, बॉक्सवर काहीही लिहिलेलं असो. त्यांना पाठीला आणि बाजूंना आधार हवा. त्यांच्यासाठी दोन बाजूंना दोन अर्धगोल फळ्या आणि मध्ये खोलगट बैठक, पुढे घोड्याचं तोंड, असा साधा घोडा करा, सतराव्या शतकातले जुने घोडे तसेच असायचे, पाय नाहीत म्हणजे पाय तुटायचा प्रश्नही नाही, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला जमण्यासारखा आहे.

पाचपैकी साडेतीन देतेय. रॉकर आणि धडाला पाचपैकी पाच, पायांनी एक घालवला आणि डोळे-आयाळीने अर्धा. कंपनीने पाय सरळ रेघेत कापायला सुरुवात केली तर मी स्वतः येऊन रेटिंग बदलेन. भावाला आता मुलगा झालाय, तो दोन वर्षांचा व्हायला अजून वेळ आहे, पण दुसरं किट मागवून ठेवलंय, त्याच रॉकरसाठी. बीचची फळी कोपऱ्यात सुकतेय, या वेळी चारही पाय मीच कापणार.